गरोदरपणात घरचं बीपी यंत्र: कोकणातल्या घरासाठी कसं आहे

गरोदरपणात बीपी वाढतं आणि बहुधा लघवीतून प्रथिन जाऊ लागतं, तो आजार म्हणजे प्री-एक्लॅम्प्सिया; तो वेळीच हेरायला हे यंत्र. दंडावर पट्टा बांधायचं साधं डिजिटल यंत्र घ्या, मनगटावरचं नको. खरी मेख पट्ट्यात आहे. सोबतचा पट्टा बहुधा २२ ते ३२ सेंमी घेराच्या दंडाला चालतो. दंड त्याहून जाड असेल तर आकडा फुगून दिसतो. आधी टेपने दंड मोजा आणि लागला तर मोठा पट्टा वेगळा मागवा.

पाखाडी चढून आल्या आल्या मोजू नका. ५ मिनिटं पाठ टेकून बसा, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीवर. मिनिटभराने पुन्हा मोजा. पावसाळ्यातल्या दमट, खारट हवेत सेलच्या पत्र्यांना गंज चढतो, म्हणून सेल काढून यंत्र घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

पहिली खेप, जुळं, वय चाळिशीपुढे, लठ्ठपणा, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, आई-बहिणीला झालेला हाच आजार, आणि सर्वांत मोठा धोका म्हणजे मागच्या खेपेला वाढलेलं किंवा आधीपासूनचं बीपी: अशा घरात हा खर्च नक्की करावा. १४०/९० दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. १६०/११० दिसलं, किंवा डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत, बरगडीखाली दुखतंय, तर रात्र असली तरी १०८ बोलवा. आकडा बरा दिसला म्हणून थांबू नका.

मोठी उणीव: लघवीतलं प्रथिन याला कळत नाही, आणि काही यंत्रं नेमकी प्री-एक्लॅम्प्सियात कमी आकडा दाखवतात. दवाखान्यातल्या यंत्राशी ताडून घ्या, सरकारी दवाखान्यातली दर महिन्याच्या ९ तारखेची मोफत तपासणी चुकवू नका.