नवशिक्यांसाठीचा घरगुती भाजीपाला संच: कापडी पिशव्या उत्तम, माहितीपत्रक अपुरे

घरच्या घरी थोडीफार भाजी लावून पाहावी असे अनेकांना वाटते, पण कुंडी कोणती घ्यावी, तिच्यात काय भरावे आणि आधी कोणते बी पेरावे, या प्रश्नांपाशीच त्यांचा उत्साह मावळतो. अशा नवशिक्यांसाठी जे तयार संच मिळतात, त्यांपैकी एक मी संपूर्ण हंगामभर वापरला. संचात न विणलेल्या जाड कापडाच्या चार ग्रो बॅग, कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची, दाबलेली वीट, गांडूळखत, एक लहान खुरपे, तसेच मुळा, पालक, कोथिंबीर, मिरची व टोमॅटो यांच्या बियांची पाकिटे होती. सोबत एक घडीचे माहितीपत्रकही होते. खुरप्याबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही, कारण एवढ्याशा पिशव्यांमधले काम हातानेच अधिक चांगले होते.

या संचातली सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे कापडी पिशव्या. गुळगुळीत भिंतीच्या प्लास्टिकच्या कुंडीत मुळे कडेपर्यंत पोहोचली की वळतात आणि आतल्या आत गोल गोल वाढत राहतात. कापडाच्या कडेला मात्र मुळाच्या टोकाला हवा लागते, ते टोक सुकून थांबते आणि त्याच्या मागून नवी बारीक मुळे फुटतात, त्यामुळे पिशवीतला सगळा भाग मुळांच्या उपयोगी येतो. नवशिक्याच्या दृष्टीने याहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे पाण्याचा निचरा. कुंडीतली रोपे तहानेने जितकी मरतात तितकीच, किंबहुना त्याहून अधिक, अतिप्रेमाने ओतलेल्या पाण्यामुळे मुळे कुजून मरतात, आणि ही पिशवी जास्तीचे पाणी तळातून तसेच बाजूंनीही सोडून देते. याची दुसरी बाजू अशी की कडक उन्हात ती लवकर वाळते आणि मोठ्या रोपांना दिवसातून दोनदा पाणी द्यावे लागू शकते. वाळलेल्या पानांचा दोन बोटे जाडीचा थर वर पसरल्यास ओलावा बराच टिकतो. पाणी देण्यापूर्वी बोट पेराभर आत घालून पाहावे आणि आत कोरडे लागले तरच झारी उचलावी, ही साधी सूचना पत्रकात असायलाच हवी होती.

कोकोपीटच्या बाबतीत पत्रकाने वापरणाऱ्याची सरळसरळ दिशाभूल केली आहे. वीट पाण्यात भिजवून फुगवावी आणि पिशवीत भरून बी पेरावे, एवढेच त्यात म्हटले आहे. कोकोपीट ओलावा फार चांगला धरते, त्याचा भुसभुशीतपणा कोवळ्या मुळांना मानवतो, पण त्यात रोपाला पोसणारी द्रव्ये, विशेषतः नत्र, जवळजवळ नसतात. शिवाय नारळाच्या काथ्यातून येणारे क्षार त्यात उरलेले असू शकतात, म्हणून भिजवलेले कोकोपीट स्वच्छ पाण्याने एक-दोनदा धुऊन पिळून घेणे श्रेयस्कर. संचासोबत आलेले गांडूळखत चारही पिशव्यांना पुरत नाही. मिश्रणात साधारण एक तृतीयांश भाग चांगले कुजलेले खत असावे असे धरले, तर ते वेगळे आणावेच लागते. हे आधी सांगितले नाही तर महिनाभरात पाने पिवळी पडू लागतात आणि आपल्या हाताला गुण नाही असा समज करून घेऊन माणूस बागकाम सोडून देतो. हा दोष मला सर्वांत गंभीर वाटतो.

बियांची निवड मात्र विचारपूर्वक केलेली आहे, आणि तिच्यातला मुळा ही नवशिक्याला दिलेली खरी भेट आहे. पेरल्यापासून तीन ते पाच दिवसांत अंकुर वर येतात आणि लहान जातींचे मुळे पंचवीस-तीस दिवसांत उपटण्याजोगे होतात. प्रथम दिसणारी हृदयाच्या आकाराची दोन गुळगुळीत बीजपत्रे आणि त्यांच्यामधून नंतर निघणारे खरखरीत, दंतुर कडांचे पहिले खरे पान यांतला फरक ज्याने रोज सकाळी वाकून पाहिला आहे, त्याला या छंदातल्या आनंदाचे वेगळे वर्णन करून सांगावे लागत नाही. दाट उगवलेली रोपे विरळ करताना सुरुवातीला जिवावर येते, पण विरळणी टाळली तर पानेच वाढतात आणि जमिनीखाली मुळा भरत नाही. शिवाय उपटलेली कोवळी रोपे धुऊन तशीच खाता येतात, त्यांत मुळ्याचा तिखटपणा असतो, म्हणजे पहिले पीक जवळजवळ आठवडाभरातच हाती येते.

पालकही असाच उदार आहे. संपूर्ण रोप न उपटता बाहेरची मोठी पाने खुडत गेल्यास आतून नवी पाने येत राहतात, आणि खुडल्यानंतर काही मिनिटांतच ताटात आलेल्या पानाचा कुरकुरीतपणा पाहिला की हा सारा खटाटोप कशासाठी हे कळते. कोथिंबिरीचे जे गोल बी आपण पेरतो, त्यात प्रत्यक्षात दोन बिया जुळलेल्या असतात, म्हणून ते हलकेच रगडून फोडून पेरावे आणि आठ ते पंधरा दिवस धीर धरावा.

मिरची आणि टोमॅटो यांच्याकडे येताच संच तोकडा पडतो. दोन्हींच्या बियांना रुजण्यासाठी ऊब लागते. पंचवीस ते तीस अंश सेल्सिअस तापमानात त्या नीट उगवतात, थंडीत मात्र मिरची आठवडेच्या आठवडे वर येत नाही. त्यातच पाकिटावर बियाणे कोणत्या तारखेपर्यंत वापरावे हे छापलेले नव्हते, त्यामुळे बी जुने आहे की हवा थंड आहे हे ठरवायला काही आधारच उरत नाही. टोमॅटोची जात मर्यादित वाढणारी आहे की सतत उंच जाणारी, याचाही उल्लेख नाही. उंच जाणाऱ्या जातीला सुमारे वीस लिटर मातीची जागा हवी, संचातली पिशवी अंदाजे त्याच्या निम्मी आहे. इतक्या थोड्या मिश्रणातला ओलावा सारखा वरखाली होतो, त्यामुळे वाढत्या फळापर्यंत कॅल्शियम नीट पोहोचत नाही आणि फळाचे खालचे टोक काळे पडते. एका पिशवीत एकच रोप ठेवून पाणी नियमित दिल्यास हे बरेच टाळता येते. टोमॅटोच्या फुलात पुंकेसर व स्त्रीकेसर दोन्ही असल्याने, वाऱ्याची झुळूक न लागणाऱ्या जागीही फुलांचा देठ सकाळी हलकेच हलवला तरी फळधारणा होते. त्या वेळी पानांचा जो उग्र, हिरवा वास बोटांना लागतो, तो मला पिकलेल्या फळाइतकाच प्रिय आहे.

जागेविषयी ‘घरात कुठेही ठेवा’ हा पत्रकातला सल्ला दुरुस्त करायला हवा. पालेभाज्यांना तीन-चार तासांचे ऊन पुरते, तर मिरची-टोमॅटोला सहा ते आठ तासांचे थेट ऊन लागते. ज्यांच्याकडे तेवढे ऊन नाही त्यांनी चारही पिशव्यांत मुळा आणि पालेभाज्याच लावाव्यात. मुळ्याला थोडे अधिक ऊन मिळेल अशी जागा द्यावी एवढेच. कोवळ्या शेंड्यांवर मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, दिसला तर पाण्याची जोरदार धार पानांच्या खालच्या बाजूने मारणे बहुधा पुरेसे असते, त्यासाठी औषधांची बाटली विकत घेण्याची घाई करू नये.

तरीही पहिल्यांदाच भाजी लावणाऱ्याने हा संच जरूर घ्यावा असे माझे मत आहे, मात्र सोबत कुजलेले खत आणि टोमॅटोसाठी एक मोठी पिशवी वेगळी आणावी. हंगामाच्या अखेरीस पिशव्यांची शिवण आणि धरण्याचे पट्टे शाबूत होते. बाहेरून जमलेला क्षारांचा पांढरा थर कोरड्या ब्रशने निघाला. जुन्या मिश्रणातली मुळे काढून त्यात नवे खत मिसळले की ते पुन्हा वापरता येते, फक्त टोमॅटो आणि मिरची एकाच कुळातली असल्याने त्यांच्या जागी पुढच्या वेळी पालक किंवा मुळा पेरावा.