बफेलोच्या सामन्याची तिकिटे आणि ओळखीच्या नंबरवरून झालेली फसवणूक

टोरंटो आणि आसपासच्या मराठी कुटुंबांना शहराच्या मेपल लीफ्स संघाचा आइस हॉकी सामना प्रत्यक्ष पाहायचा असेल, तर घरच्या स्कोशियाबँक अरीनापेक्षा सीमेपलीकडे अमेरिकेतल्या बफेलोला जाणे पुष्कळदा स्वस्त पडते, हे इथे काही हिवाळे काढलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. बफेलोचा सेबर्स संघ 2011 नंतर सलग 14 हंगाम प्लेऑफपर्यंत, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीपर्यंत, पोचला नाही, त्यामुळे तिथली तिकिटे टोरंटोच्या मानाने उतरत्या भावात मिळत आली, आणि क्वीन एलिझाबेथ वे हा महामार्ग धरून फोर्ट ईरीच्या पीस ब्रिजवरून पलीकडे गेले की साधारण दोन तासांत सेबर्सचे स्टेडियम, कीबँक सेंटर, गाठता येते. कॅनडातून येणाऱ्या प्रेक्षकांचा मान राखून तिथे समोर कोणताही संघ असला तरी दोन्ही देशांची राष्ट्रगीते म्हटली जातात. लीफ्स पाहुणे म्हणून खेळायला आले की अर्धेअधिक स्टेडियम निळ्या जर्सींनी भरून जाते. या मागणीवरच भामट्यांचा डोळा असतो. गेल्या हिवाळ्यात आमच्या ओळखीतल्या तीन कुटुंबांना जे भोगावे लागले, ते दुसऱ्या कोणाच्या वाट्याला येऊ नये म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

अशा सहलीत तिकीट हा खर्चाचा एकच भाग असतो. आमच्यापैकी काही जण अजून भारतीय पासपोर्टवर आहेत, म्हणजे अमेरिकेचा व्हिसा आणि सीमेवर लागणारा आय-94 परवाना आलाच. नाशिकहून आलेल्या माझ्या सासू-सासऱ्यांना रात्रीचा परतीचा प्रवास झेपणार नाही म्हणून हॉटेल घेतलेले. मुलांच्या शाळेचा आणि आमच्या रजांचा मेळ बसवलेला. ही सगळी जुळवाजुळव आमच्या व्हॉट्सअॅप गटावर उघडपणे चालली होती आणि तिकिटे तेवढी घ्यायची राहिली होती. फसवणूक करणाऱ्याला नेमकी हीच वेळ हवी असते, कारण बाकीचा खर्च होऊन बसला की तिकिटाची सोय झाल्याची बातमी प्रत्येकाला खरीच वाटावीशी वाटते.

ती बातमी आली आमच्याच गटातल्या एका ज्येष्ठ काकांच्या नंबरवरून. काका हॉकीचे जुने शौकीन, इथे येऊन त्यांना चाळीसहून अधिक वर्षे झालेली, आणि नव्याने आलेल्या कित्येक मुलांना त्यांनी स्वतःच्या गाडीने बर्फात कामावर सोडलेले आहे. मेसेज असा होता की त्यांच्या मित्राकडे हंगामाची तिकिटे आहेत, घरी आजारपण निघाल्यामुळे तो जाऊ शकत नाही, आणि मूळ किमतीला, म्हणजे प्रत्येकी 120 कॅनेडियन डॉलरना, तो ती ओळखीच्याच लोकांना देऊ इच्छितो. मी लगेच विचारले, “काका, फोन करू का?” उत्तर आले की घसा पूर्ण बसला आहे, डॉक्टरांनी बोलायला मनाई केली आहे, मेसेजच कर. काका एरवी मराठीत लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवतात आणि त्यात आधी मुलांची चौकशी करतात. हे मेसेज इंग्रजीत, दोन-दोन ओळींचे आणि केवळ पैशांविषयी होते. आजाराचे कारण आधीच पुढे केलेले असल्याने हा फरक त्या आजारपणाच्या खाती जमा झाला.

पैसे इंटरॅक ई-ट्रान्सफरने, म्हणजे ईमेलवरून बँकेतून बँकेत पैसे पाठवण्याच्या इथल्या सोयीने, एका ईमेल पत्त्यावर मागितले गेले. त्या पत्त्याला ऑटोडिपॉझिट, म्हणजे रक्कम आपोआप खात्यात जमा होण्याची सोय, जोडलेली होती, म्हणून पैसे पाठवण्याआधी बँकेच्या पडद्यावर खातेदाराचे नाव दिसले आणि ते काकांचे नव्हते. विचारल्यावर सांगण्यात आले की तेच त्या मित्राचे नाव. आमच्या घराचे सहा तिकिटांचे 720 डॉलर गेले आणि इतर दोन कुटुंबांनी आपापले पाठवले. त्यानंतर तिकिटांच्या अॅपमधून ती आमच्या नावावर हस्तांतरित होण्याऐवजी त्यांची चित्रे आली, त्यांवर विभाग, रांग, आसन आणि बारकोड असे सगळे जागच्या जागी होते. अॅपमधली हस्तांतराची सोय सामन्यापर्यंत बंद आहे, हीच चित्रे दाराशी दाखवा, असे सोबत लिहिले होते. ही थाप पचते, कारण काही संघ हस्तांतरावर खरोखरच वेळेचे बंधन घालतात.

दाराशी काय झाले ते नीट सांगते. आमच्या पुढच्या माणसाच्या फोनवर बारकोड होता आणि त्यावरून एक उभी रेघ सतत डावीकडून उजवीकडे सरकत होती. असे तिकीट जिवंत असते, त्याचा संकेत दर काही सेकंदांनी बदलतो, आणि म्हणून त्याचे काढलेले चित्र थोड्याच वेळात निरुपयोगी होते. आमच्या चित्रावर ती रेघ मधोमध थिजलेली होती. दारावरच्या बाईंनी यंत्र लावण्याआधीच मान हलवली आणि अतिशय नम्रपणे सांगितले की अशी चित्रे घेऊन येणारे त्या संध्याकाळचे आम्ही पहिले नाही. सासरे थंडीत शांतपणे उभे होते. सासूबाई मात्र काकांच्या तब्येतीची काळजी करत होत्या, हे मी विसरू शकत नाही. खिडकीवर सुटी तिकिटे तेवढी शिल्लक होती; जवळजवळ दुप्पट भावाने तीन घेऊन माझ्या भावाबरोबर मुलांना आत पाठवले आणि बाकीचे आम्ही हॉटेलवर गेलो.

काकांशी प्रत्यक्ष बोलणे झाल्यावर सगळा उलगडा झाला. त्यांना एका परिचिताच्या नावाने मेसेज आला होता की चुकून तुमच्या फोनवर सहा आकडी कोड गेला आहे, तेवढा कळवा. त्यांनी तो कळवला. तो त्यांच्याच व्हॉट्सअॅप खात्याचा नोंदणी कोड होता, आणि तो हाती लागताच भामट्याने ते खाते स्वतःच्या फोनवर सुरू केले. अशा वेळी त्याला जुने संभाषण दिसत नाही, पण गट दिसतात आणि त्यांत येणारा प्रत्येक नवा मेसेज दिसतो. आमची बफेलोची सगळी चर्चा तो वाचत बसला होता. काकांना वाटले फोन बिघडला आहे आणि मुलगा शनिवारी आला की बघेल. मुलाने नोंदणी पुन्हा केल्याबरोबर भामटा बाहेर फेकला गेला, परंतु त्याने व्हॉट्सअॅपच्या दुहेरी पडताळणीचा (टू-स्टेप व्हेरिफिकेशन) स्वतःचा पिन लावून ठेवल्यामुळे काकांना सात दिवस खाते उघडता आले नाही. त्या दोघांनी जमेल तितक्यांना फोन केले, पण गटातल्या सगळ्यांचे नंबर त्यांच्याकडे नव्हते. म्हणून सांगते, व्हॉट्सअॅपच्या सेटिंग्जमध्ये जाऊन स्वतःचा पिन आजच लावा आणि घरातल्या ज्येष्ठांच्या फोनवरही लावून द्या. खाते अचानक बंद पडले तर कोणाची वाट न पाहता त्याच मिनिटाला नोंदणी पुन्हा करा. पिन माहीत नसला तरी घुसलेला माणूस तेवढ्याने बाहेर पडतो.

पैशांच्या बाबतीत बँकेने जे सांगितले ते कटू आहे. ई-ट्रान्सफर समोरच्याने स्वीकारेपर्यंत रद्द करता येते; ऑटोडिपॉझिट असले की रक्कम आपोआप जमा होते आणि रद्द करायला काही उरत नाही. क्रेडिट कार्डाने अधिकृत पुनर्विक्रीच्या ठिकाणी घेतलेल्या तिकिटाबद्दल निदान तक्रार करून पैसे मागता येतात. आता आम्ही विकणाऱ्याने अॅपमधून पाठवलेले तिकीट स्वीकारून ते स्वतःच्या खात्यात दिसल्याशिवाय एक डॉलरही देत नाही, हस्तांतराची सूचना ईमेलने आली तरी त्यातली लिंक न उघडता थेट अॅपमध्येच पाहतो, आणि हॉटेल विनाशुल्क रद्द होणारेच घेतो. विकणारा ओळखीचा असला तर त्याचा आवाज ऐकल्याशिवाय व्यवहार पुढे नेत नाही.

या प्रकरणात गटावर कोणीतरी काकांनाच लबाड म्हटले आणि दोघांनी त्यांच्या दारात जाऊन पैसे मागितले, याचे मला पैसे गेल्यापेक्षा अधिक दुःख झाले. काकांच्या घरातून कोणाचाही एक पैसा गिळला गेलेला नाही. ज्यांनी त्या ईमेल पत्त्यावर रक्कम पाठवली असेल त्यांनी आपापल्या बँकेला, स्थानिक पोलिसांना आणि कॅनेडियन अँटी-फ्रॉड सेंटरला 1-888-495-8501 या क्रमांकावर कळवावे, आणि कळवताना तो पत्ता, पडद्यावर दिसलेले खातेदाराचे नाव आणि व्यवहाराचा क्रमांक हे तिन्ही द्यावेत, कारण एकाच खात्याविरुद्धच्या वेगवेगळ्या तक्रारी त्यावरूनच एकत्र जोडता येतात.