जुन्या जहाजावरची ग्रुप क्रूझ: आधी खोली बघा, मग पैसे भरा

तीस वर्षं पाण्यात काढलेल्या जहाजावरची ग्रुप क्रूझ स्वस्त पडते. गर्दी कमी, डेकवर ऐसपैस जागा. रडगाणं सुरू होतं ते खोलीत.

मुख्य दुखणं संडासाचं. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या या यंत्रणेत बऱ्याच खोल्या एकाच पाइपला जोडलेल्या असतात आणि जुन्या पाइपात आतून क्षार साचून वाट अरुंद झालेली असते. एकाने ओला वाइप टाकला की शेजारच्या खोल्यांचंही काम बंद! म्हणून बॅग उघडण्याआधी फ्लश दाबून बघा, नळ सोडा. तांबूस पाणी दोन-तीन मिनिटांत निवळलं नाही, तर लगेच रिसेप्शन गाठा. जहाज सुटल्यावर रिकामी खोली मिळणं कठीण.

ग्रुपला एकगठ्ठा मिळणाऱ्या खोल्यांत नको असलेल्याच जास्त निघतात: मागे प्रॉपेलरवर थरथरणाऱ्या, नाहीतर डान्स हॉलच्या खाली. आयोजकाकडून डेक प्लॅन, म्हणजे जहाजाच्या मजल्यांचा नकाशा, मागा. मधला भाग, खालचा मजला, वर-खाली दोन्हीकडे खोल्याच असलेली जागा उत्तम. हेलकावेही तिथेच कमी. ‘गॅरंटी’ खोली घेतली, म्हणजे फक्त खोलीचा प्रकार ठरवून पैसे भरले, तर नंबर कंपनी ठरवणार.

प्लग पॉइंट जेमतेम एक-दोन. सर्ज प्रोटेक्टरवाला (अचानक वाढलेला विजेचा दाब अडवणारा) एक्स्टेंशन बोर्ड आगीच्या धोक्यामुळे काढून घेतात. तीन-चार यूएसबी तोंडांचा साधा चार्जर चालतो.

जेवण? ठीक. पण ग्रुपला बहुधा ठरलेलीच वेळ मिळते. लवकर जेवणाऱ्यांनी ती बुकिंगच्या वेळीच विचारावी.