प्लास्टर की बुटातला सोल? मुलाच्या पायासाठी आम्ही काय निवडलं

तुमच्या हातात मुलाच्या पावलाचा एक्स-रे असेल आणि डॉक्टरांनी ‘कोहलर’ असं लिहून दिलं असेल, तर आजार काय आहे हे तुम्हाला एव्हाना कळलेलं आहे. नेव्हिक्युलर नावाच्या छोट्या हाडाचा रक्तपुरवठा काही काळ तुटतो आणि ते चेपतं. पावलाच्या मागल्या भागातल्या हाडांत हेच सगळ्यांत शेवटी टणक होतं, म्हणून भार सोसताना तेच सापडतं. 1908 साली जर्मन क्ष-किरणतज्ज्ञ आल्बान कोहलर यांनी याचं वर्णन केलं, तेव्हापासून हे दुखणं त्यांच्या नावानं ओळखलं जातं. हाड आपोआप भरून येतं, ऑपरेशनचा प्रश्न येत नाही. मग प्रश्न उरतो तो एवढाच, की तोवर पोराला कसं सांभाळायचं.

आमचं गाव खानापूर तालुक्यात. मुलगा पाच वर्षांचा असताना जूनमध्ये उजवं पाऊल बाहेरच्या कडेवर टाकून चालायला लागला. पावसात पाय मुरगळला असेल म्हणून आज्जीनं पंधरा दिवस आंबेहळदीचा लेप लावला. शेवटी बेळगावला नेलं. दोन्ही पावलांचे एक्स-रे शेजारी शेजारी लावले होते. डाव्या पायात ते हाड गुबगुबीत; उजव्यात तेच पांढरंफटक आणि चपटं, शर्टाच्या बटणाला कडेनं बघावं तसं.

काहीच न करता थांबणं हा एक मार्ग आहे आणि तो चुकीचा नाही. दुखेल तेव्हा विश्रांती, लागलं तर डॉक्टरांनी सांगितलेलं वेदनाशामक. पुढं जाऊन पाय सगळ्यांचाच चांगला होतो. फक्त दुखणं कित्येक महिने, कधी वर्षभरही रेंगाळतं. पाच वर्षांच्या पोराला वर्षभर ‘पळू नको’ म्हणत राहणं मला जमलं नसतं.

मग आम्ही बुटातला सोल घेतला, पावलाच्या कमानीला खालून आधार देणारा. कागदावर हाच पर्याय उत्तम वाटतो. पाय मोकळा, अंघोळ रोजच्यासारखी, शाळा चालू. बूट घातलेला असला की तो खरंच बरा चालायचा, हे मी प्रामाणिकपणे सांगतो.

अडचण बुटाची होती. एका गुरुवारी मी घरीच होतो, म्हणून दिवसभर लक्ष ठेवलं. सकाळी उठल्यापासून अंघोळीपर्यंत अनवाणी, तेही शहाबादी फरशीवर. शाळेला जाताना बूट, पण वर्गाच्या दारात सगळ्या पोरांची पायताणं ओळीनं काढलेली, त्यात याचेही. परत येताना बूट, उंबऱ्याशी पुन्हा बाहेर. संध्याकाळी देवळात अनवाणी. मोजून अर्धा तास तो सोल त्याच्या पायाखाली होता. घरात वापरायला वेगळा जोड आणला, तर आज्जीला ते रुचेना. ‘देवघरासमोर पायताण घालून फिरतंय बाळ,’ म्हणून ती दिवसभर कष्टी. मी तिला बोल लावत नाही, आपल्या घरांची रीतच ती आहे. त्यात जुलै-ऑगस्टचा पाऊस. बूट रोज भिजायचे, सोल चुलीजवळ वाळत घालायचे, आणि महिन्याभरात त्याची कड वाळल्या पानासारखी वर वळली. आधारासाठी आणलेली वस्तू टोचायला लागली.

तरी दिवाळीपर्यंत रेटलं. गल्लीतल्या पोरांनी किल्ला करायला घेतला, हाही चार दिवस अनवाणी माती आणि दगड वाहत होता. पाचव्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठला आणि पाऊल टेकवेना. कमानीवर नुसतं बोट लावलं तरी रडत होता. त्याच आठवड्यात आम्ही प्लास्टर घालून आलो.

गुडघ्याच्या खाली, चालता येईल असं, सहा आठवड्यांचं प्लास्टर. पहिले दोन दिवस वाईट गेले, खोटं कशाला बोलू. पण चौथ्या दिवशी तो अंगणात टकटक करत फिरत होता, आणि ते काढून ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. देवळात गेला तरी आधार पायावरच. माझ्यासाठी सगळा निर्णय इथं झाला. डॉक्टरही म्हणाले होते, की प्लास्टर घातलेल्या मुलांचं दुखणं साधारण तीन महिन्यांच्या आत संपतं. हाड भरायला लागणारा वेळ मात्र त्यामुळे बदलत नाही.

त्रास आहेतच. खाज सुटते, तेव्हा आत पट्टी किंवा सुई घालू देऊ नका, कातडी सोलली तर आत दिसत नाही. बोटं निळसर पडली, सुजली किंवा दुखणं वाढलं तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. फायबरचं कवच पाण्यानं विरघळत नाही, पण आतला कापूस भिजला की वास आणि पुरळ ठरलेलं. म्हणून अंघोळीला पाय पिशवीत बांधून स्टुलावर. कापायच्या यंत्राचा आवाज मोठा असतो. त्याचं पातं गरगर फिरत नाही, नुसतं थरथरतं, हे पोराला आधी सांगून ठेवा. आमच्याकडं ते डिसेंबरच्या शेवटी निघालं. पिंढरी काडीसारखी दिसत होती आणि दोनेक आठवडे तो लंगडला. संक्रांतीला तिळगूळ वाटत गल्लीभर पळाला.

हा एका पायाचा अनुभव. तुमचं मूल दिवसभर बूट घालून राहत असेल, शहरात फ्लॅटमध्ये वाढत असेल, तर सोलनं भागेलही. तुमच्या डॉक्टरांनी पाय बघितलाय, मी नाही. आमच्यासारख्या घरात मात्र मी प्लास्टरच सांगेन. दुखणं ऐन पावसात निघालं आणि पोरगं फार लंगडत नसलं, तर डॉक्टरांना विचारून गणपती होईपर्यंत सोलवर काढा. किल्ल्याची माती गल्लीत यायच्या आत प्लास्टर घालून घ्या.