सुका कचरा बुधवारी आणि शनिवारी : नऊ-दहा महिन्यांनंतर

गेल्या दसऱ्यानंतर सोलापुरात आमच्या गल्लीत घंटागाडीची पद्धत बदलली. आधी गाडी यायची आणि बादलीत जे असेल ते एकत्रच ओतून घ्यायची. आता ओला कचरा रोज, आणि सुका फक्त बुधवारी आणि शनिवारी. गाडीला मधोमध पत्रा घालून दोन भाग केलेत, आणि मागे दोन बायका उभ्या असतात, बादलीत काय आहे ते बघितल्याशिवाय घेत नाहीत. तेव्हापासून दिवाळी झाली, गड्ड्याची जत्रा झाली, उन्हाळा गेला, अधिक महिन्यातली धोंड्याची जेवणं झाली, आता आषाढ लागलाय. पहिल्या पंधरवड्यात कुठलीही नवी पद्धत छान वाटते, म्हणून इतके दिवस लिहायचं थांबले होते.

पद्धत चांगली आहे आणि टिकावी असं मला मनापासून वाटतं. पण ती दोन डब्यांमुळे टिकलेली नाही. डबे शहरात आधीही वाटून झालेत, आणि कित्येक घरांत त्यांत धान्य भरलेलं मी पाहिलंय. आमच्याकडे ती टिकली ठरलेल्या वारामुळे आणि मागे उभ्या असणाऱ्या त्या दोघींमुळे.

आमची वस्ती अक्कलकोट रोडच्या बाजूची. कुणाच्या घरात विड्या वळतात, कुणी लूमवर जातं, कुणी घरी मशीनवर शाळेचे गणवेश शिवतं. त्यामुळे कचराही तसाच: तेंदूच्या पानांच्या कडा, सुताचे गुंते, कापडाच्या पट्ट्या. कचरा वेगळा द्या म्हणणारे माहितीपत्रक आलं, त्यात केळीची साल आणि प्लॅस्टिकची बाटली यांची चित्रं होती. या वस्तीतल्या निम्म्या वस्तू त्यात नव्हत्या. तेंदूच्या कडा ओल्यात, सुताचे गुंते सुक्यात, हे आम्ही गाडीवरच्या मावशींना विचारून ठरवलं. सगळ्यात जास्त घोळ शेंगांच्या टरफलांचा झाला. हाताला ती कोरडीच लागतात, म्हणून सगळे सुक्यात टाकायचे. तसंच कडक भाकरीच्या तुकड्यांचं. पण ओला म्हणजे पाणी गळणारा नव्हे, कुजणारा. टरफलं, भाकरी, नारळाची शेंडी, देवाची सुकलेली फुलं हे सगळं ओल्यातच. एवढं एकदा डोक्यात बसलं की बाकीचं अवघड नाही.

आता पाण्याचं, कारण सोलापुरात खरी अडचण तिथे येते. दुधाच्या पिशव्या, दह्याचे डबे, सॉसच्या बाटल्या धुऊन, कोरड्या करून द्या असं सांगतात. सांगणाऱ्याच्या नळाला रोज पाणी येत असावं. आपल्याकडे चार-पाच दिवसांआड येतं, कधी त्याहून उशिरा, उजनी धरण काठोकाठ भरलं तरी. पाणी येतं त्या रात्री जागून पिंप, टाक्या, कळशा भरून ठेवायच्या, आणि त्यातलं पाणी पिशवी धुवायला घालवायचं, हे कुठल्याही बाईला पटणार नाही. मलाही पटत नाही.

मग जमलं ते असं. भांडी घासून झाल्यावर शेवटचं विसळण एका टबात राहतं. त्यात साबण नसल्यातच जमा असतो. दुधाची पिशवी वरून पूर्ण कापायची, उलटी करायची, त्याच पाण्यात दोनदा बुचकळायची आणि गच्चीवरच्या दोरीला चिमट्याने लावायची. ते पाणी जास्वंदीला. वेगळं पाणी लागत नाही. उन्हाळ्यात इथे पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला टेकतो, आपण खाली येईपर्यंत पिशवी वाळलेली असते. पावसाळ्यात वेळ लागतो, तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीला दोरी बांधलीय. तेलाची पिशवी मात्र अजिबात धुवायची नाही. धुतली तर साबण, पाणी आणि कष्ट तिन्ही जातात. ती रात्रभर भांड्यावर उलटी टांगायची, मग रद्दीच्या तुकड्याने आतून पुसायची. तो तेलकट कागद ओल्यात.

पिशवी कापताना कोपरा तोडून टाकायचा नाही, चीर द्यायची पण तुकडा पिशवीलाच राहू द्यायचा. तो नखाएवढा त्रिकोण सुटला की गटारात जातो, कुणाच्या हाताला लागत नाही. हे मला गाडीवरच्या मोठ्या मावशींनी सांगितलं. त्यांच्याकडून आणखीही शिकले. एका शनिवारी मी पिशव्या आणि फरसाणाची पाकिटं एकत्र दिली होती. त्यांनी मूठभर बाहेर काढली, एक पाकीट हातात चुरगाळलं आणि तळहात उघडला. पाकीट हळूहळू परत उलगडलं.

"बघा काकू, आतनं चांदी असतीय. चुरगाळलं की परत उलगडतंय. ह्ये कोण इकत घेत न्हाई. दुधाची पिशवी कितीबी द्या, तिला गिऱ्हाईक हाय."

बरोबर आहे त्यांचं. दुधाची पिशवी एकाच जातीच्या प्लॅस्टिकची असते, ती वितळवून पुन्हा दाणे करता येतात. वेफर्स, फरसाण, गुटखा यांच्या पाकिटांत प्लॅस्टिकचे दोन-तीन थर आणि त्यांवर धातूचा मुलामा एकमेकांना चिकटवलेले असतात, ते परत सुटे होत नाहीत. अशी पाकिटं फार तर सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून जातात. तेव्हापासून आमच्या घरी सुक्याच्या दोन पिशव्या झाल्या: विकलं जाणारं आणि न विकलं जाणारं. कुणी सांगितलेलं नाही, पण मावशींचं निवडण्याचं काम वाचतं. दुसरी पिशवी भरते किती ते दर आठवड्याला दिसायला लागलं, तसं घरात पाकिटं येणंही कमी झालं.

विकल्या जाणाऱ्या मालाबद्दल थोडं स्पष्ट लिहिते. पेपरची रद्दी, पुठ्ठा, लोखंड, बाटल्या हे आपण भंगारवाल्याला देतो, पैसे मिळतात. गाडीकडे उरतं ते कुणालाच नको असलेलं. मग गाडीवरच्या बायकांना त्यातून काय मिळणार? त्यांची मजुरी बेताची असते, आणि निवडलेल्या मालाचे चार पैसे हीच वरकमाई. मी पाण्याच्या बाटल्या आणि पुठ्ठा भंगारवाल्याला द्यायचं बंद केलं, ते आता बुधवारी गाडीला जातं. रद्दी अजून विकते. गल्लीतल्या चार-सहा घरांनी असंच सुरू केलं, आणि मावशी आमच्या गल्लीत दोन मिनिटं जास्त थांबतात याचं ते एक कारण नक्की आहे. त्यात मला गैर काही वाटत नाही.

उन्हाळ्यात ओल्या कचऱ्याचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. कलिंगडाची सालं आणि आंब्याच्या कोयी यांनी बादली एका दिवसात भरते, आणि दुपारपर्यंत झाकण उघडवत नाही. गाडी रोज येते म्हणून निभतं. सालं बारीक चिरून, तळाला रद्दीचा कागद घालून ठेवली तर वास बराच कमी होतो. ओल्या कचऱ्यात प्लॅस्टिक न मिसळण्याचं कारणही घरातल्या सगळ्यांना माहीत असावं. तुळजापूर रस्त्याला कचरा डेपोजवळ ओल्या कचऱ्यापासून गॅस आणि त्यातून वीज करण्याचा प्रकल्प उभा राहिला, त्याला दहा वर्षांवर होऊन गेली. अशा प्रकल्पात हवाबंद टाकीत जिवाणू कचरा कुजवतात आणि मिथेन वायू तयार होतो. त्यात पिशव्या, चिंध्या, काचा गेल्या की यंत्रात अडकतात आणि काम थांबतं. तोच कचरा उघड्यावर ढिगात पडला तरी आत हाच वायू धरतो, आणि उन्हाळ्यात कचरा डेपो पेटतात ते बऱ्याचदा यामुळे.

मे महिन्यात मात्र मोठा खोडा झाला. नेहमीची गाडी दुरुस्तीला गेली म्हणून बदली गाडी यायला लागली. तिला मधला पत्रा नव्हता आणि माणसंही नवी. आमच्या डोळ्यांदेखत दोन्ही बादल्या एकाच ढिगात ओतल्या. समोरच्या वहिनी दारातूनच म्हणाल्या, "अक्का, आपण घरात बसून निवडायचं आन् ह्यांनी एक करायचं. मग कशाला ओ हे सगळं?" गाडीवरच्या नव्या माणसांकडे उत्तर मागण्यात अर्थ नव्हता आणि माझ्याकडे द्यायलाही नव्हतं. तक्रारीच्या नंबरवर फोन केला, नोंद घेतली म्हणाले. दुसऱ्या आठवड्यात परत केला, परत नोंद घेतली. त्या काळात गल्लीतल्या निम्म्या घरांनी एकच बादली करून टाकली.

त्यातून गल्लीत एक गोष्ट ठरली, आणि जिथे नव्याने ही पद्धत सुरू होणार आहे त्यांनी ती आधीच ठरवून ठेवावी. ओला कचरा थांबू शकत नाही, सुका थांबू शकतो. पत्रा नसलेली गाडी आली तर ओला द्यायचा आणि सुक्याचं पोतं घरीच ठेवायचं. धुतलेला, वाळलेला सुका कचरा महिनाभर जिन्याखाली पडला तरी त्याला वास येत नाही, मुंग्या लागत नाहीत. आम्ही तसंच केलं. नेहमीची गाडी परत आली त्या बुधवारी पोत्यांची रांग लागली होती, आणि मावशींना दोन फेऱ्या कराव्या लागल्या. समोरच्या वहिनीही हळूहळू परत दोन बादल्यांवर आल्या. पण काही घरं आली नाहीत, ती अजूनही एकत्रच देतात. मावशी त्यांच्याकडून बडबड करत घेतात. एका बदली गाडीने महिनोन् महिन्यांची सवय मोडली, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

गड्ड्याच्या दिवसांत रस्ते वळवल्यामुळे गाडीची वेळ बदलली, तेवढं चालायचंच. कोपऱ्यावरचा कचऱ्याचा ढीग बराच कमी झालाय, पण संपलेला नाही. रात्री दुसरीकडची माणसं दुचाकीवरून जाताना पिशवी भिरकावतात. एमआयडीसीत पहिल्या पाळीला जाणारी मुलं भाड्याने राहतात, ती गाडी यायच्या आधीच बाहेर पडतात. त्यांनी सुक्याची पिशवी शेजारी ठेवून जायची असं ठरलं, आणि ते चांगलं चाललंय.

डायपर आणि पॅडचा प्रश्न मात्र नीट सुटलेला नाही. घरात लहान नात आहे, त्यामुळे हे रोजचं आहे. केंद्र सरकारच्या २०१६ च्या घनकचरा नियमांत असा कचरा कागदात नीट गुंडाळून सुक्यासोबत द्यायला सांगितलं होतं. पण आमच्याकडे सुका आठवड्यातून दोनदा जातो, आणि सोलापूरच्या उन्हात शनिवार ते बुधवार डायपर घरात ठेवणं शक्यच नाही. मी ते वर्तमानपत्रात गुंडाळते, वर लाल पेनने मोठा ठिपका काढते आणि ओल्याच्या वेळी रोज मावशींच्या हातात वेगळं देते. त्यांनी गाडीला बाहेरून एक गोणी अडकवलीय, त्यात टाकतात. १ एप्रिल २०२६ पासून नवे नियम लागू झालेत. त्यांत कचऱ्याचे चार भाग केलेत: ओला, सुका, सॅनिटरी, आणि बल्ब, रंगाचे डबे, औषधं यांसारखा विशेष काळजीचा. कागदावर हे अगदी योग्य आहे. आमच्या गाडीला मात्र अजून दोनच भाग आहेत, आणि तिसरा भाग म्हणजे मावशींची ती गोणी. तिथे झाकणाचा डबा बसवायला फार खर्च येऊ नये. हातमोजेही हवेत. मिळतात ते आठवड्यात फाटतात, मग मावशी उघड्या हातांनी निवडतात. फुटलेली काच मी पुठ्ठ्यात बांधून वर ठळक अक्षरांत 'काच' लिहून देते, आणि निदान एवढं प्रत्येक घराने करावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. मोठ्या मावशींच्या अंगठ्याजवळ जुन्या कापल्याची खूण आहे.

राहता राहिल्या चिंध्या. या शहरात चादरी, टॉवेल, गणवेश होतात, तर कापडाचे तुकडे घरोघरी निघणारच, आणि सुक्या कचऱ्यात त्यांची जागा अजून ठरलेली नाही. गाडी कधी घेते, कधी नाही. सुती तुकडे शेजारच्या गॅरेजवाल्याला हात पुसायला लागतात, तो आनंदाने नेतो. गणवेशाच्या टेरीकॉटच्या पट्ट्या तेल शोषत नाहीत, म्हणून त्या त्याला नको असतात. गादीवाल्याला विचारलं, तो म्हणाला एकदम पोतंभर असेल तर भरावाला घेईन. सध्या आमच्या गल्लीतल्या तीन शिवणाऱ्या बायका मिळून एक पोतं भरतायत.