आधी खर्च मांडायला लावणारा वर्ग

यवतमाळ जिल्ह्यातील एका मोठ्या खेड्यात, जुन्या मिशन बंगल्याच्या सभागृहात, गेल्या सप्टेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत चाललेल्या, ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जगायला शिकवणाऱ्या शिष्यत्व-प्रशिक्षण वर्गाला मी पूर्ण सहा महिने हजर होतो. असा वर्ग लावावा की नाही या विचारात जे आहेत, त्यांच्यासाठी हा अभिप्राय लिहीत आहे. मी सात एकर कोरडवाहू शेती करणारा, तिसऱ्या पिढीचा ख्रिस्ती माणूस आहे. आमच्या घरी रोज संध्याकाळी बायबलमधले वचन वाचले जाते, रविवारची उपासना सहसा चुकत नाही आणि सुगीचे पहिले धान्य मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, नेऊन देण्याची आजोबांची रीत आम्ही अजून मोडलेली नाही. तरीही ख्रिस्ती म्हणून जगणे आणि ख्रिस्ताच्या मागे चालणे यांत किती अंतर आहे, हे वयाच्या एकावन्नाव्या वर्षापर्यंत मला कोणी एवढ्या स्पष्टपणे दाखवले नव्हते. वर्ग चालवणारे निवृत्त पाळकसाहेब आणि त्यांच्या पत्नी, ज्या पूर्वी परिचारिका होत्या, यांना आपली नावे पुढे यावीत असे वाटत नाही, म्हणून ती देत नाही.

व्यवस्थेबद्दल थोडक्यात सांगतो. दर पंधरा दिवसांनी शनिवारी दुपारी वर्ग सुरू होतो आणि रविवारी संध्याकाळच्या एसटीने परतता येते. सहा महिन्यांचे शुल्क ६०० रुपये असून त्यात जेवण धरलेले आहे. ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, वांग्याची भाजी आणि ठेचा असे साधे, पोटभर जेवण मिळते. झोपण्यासाठी सतरंजी असते, पांघरूण मात्र आपले आपण न्यावे लागते, आणि डिसेंबरात त्या सभागृहात फार थंडी असते. पाठांची पुस्तिका झेरॉक्स केलेली असून तिची काही पाने इतकी फिकट आहेत की वयस्कर माणसांना ती वाचता येत नाहीत.

आमच्या भागात अशा वर्गाची उणीव बरीच वर्षे जाणवत होती. १९५३ साली यवतमाळला युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली आणि तिथे शिकलेले पाळक दूरदूरच्या मंडळ्यांत गेले. १९८३ साली ती संस्था पुण्याला हलली. पाळक घडवणे हे एक काम झाले, पण कापूस पिकवणारा, किराणा दुकान चालवणारा किंवा एसटीत वाहक असणारा सामान्य विश्वासी माणूस शिष्य म्हणून घडावा यासाठी खेड्यात बसून कष्ट घेणारे फारसे कोणी उरले नव्हते. शहरातून येणारे वक्ते मोठ्या सभा घेतात, आजाऱ्यांसाठी प्रार्थना करतात, सभा संपल्यावर गाडी निघून जाते, आणि सोमवारी सकाळी आपल्या धुऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला पुढे काय करायचे हे कळत नाही.

या वर्गाचे मला सर्वांत मोलाचे वाटलेले वैशिष्ट्य असे की तो कोणालाही ओढून आत घेत नाही. पहिल्याच शनिवारी बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानाच्या १४ व्या अध्यायातील भाग वाचला गेला: बुरूज बांधू पाहणारा मनुष्य आधी बसून खर्चाचा हिशेब करतो, आणि तसा न करणाऱ्याचा पाया तेवढा घातला जातो व लोक त्याला हसतात. त्यानंतर पाळकसाहेबांनी आम्हा अठरा जणांना प्रत्येकी एक शंभर पानी वही दिली आणि येशूच्या मागे चालायचे ठरवले तर तुमचे काय काय जाईल ते लिहा, एवढेच सांगितले. काय मिळेल याचा विषय त्या दिवशी निघालाच नाही. वर्गात दोन तरुण असे होते जे ख्रिस्ती घरात जन्मलेले नव्हते आणि बाप्तिस्मा घेण्याचा विचार करत होते. त्यांपैकी एक अनुसूचित जातीचा होता, दुसरा गोंड समाजाचा. या दोघांसमोर पाळकसाहेबांनी कायद्याची बाजू काहीही न लपवता मांडली. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात अनुसूचित जातीचा दर्जा आरंभी हिंदू धर्मीयांपुरता होता, १९५६ मध्ये त्यात शीख आणि १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती झालेल्या माणसाला मात्र तो दर्जा राहत नाही. अनुसूचित जमातींच्या आदेशात अशी धर्माची अट नाही. पहिल्या तरुणाला त्यांनी सांगितले की शिष्यवृत्ती, राखीव जागा, नोकरी या सगळ्यावर याचा परिणाम होईल, म्हणून घरी आईवडिलांशी बोल, वकिलाला विचार आणि घाई करू नकोस. प्रार्थनेच्या सभेत हात वर केला की नाव लिहून घेण्याची घाई मी इतकी पाहिली आहे की हे ऐकताना मला पाळकसाहेबांविषयी मनापासून आदर वाटला. तो तरुण अजून विचार करतो आहे आणि वर्गात त्याला कोणीही कमी लेखले नाही.

शिकवण्याची पद्धत शेतकऱ्याला कळेल अशी आहे. नांगराला हात घालून मागे पाहणारा देवाच्या राज्याला योग्य नाही, असे लूक ९ मध्ये प्रभूने जे म्हटले, ते आम्ही शंभर वेळा ऐकलेले होते, पण त्या रविवारी पाळकसाहेबांनी आम्हाला शेजारच्या वावरात नेले आणि एकेकाला वखर धरून मागे बघत चालायला लावले. तास वाकडा जातो हे तर दिसलेच, परंतु बैलही बावरतात आणि जोडीतला आतला बैल दुसऱ्यावर रेलतो, हे मी आयुष्यभर शेती करूनही या वचनाशी कधी जोडले नव्हते. मागे पाहणाऱ्याची चूक त्याच्या एकट्यापुरती राहत नाही, हा मुद्दा तिथे उभ्या उभ्या समजला आणि पुढे तो माझ्याच अंगावर आला.

नोव्हेंबरातला पाठ लूक १९ मधील जक्कयाचा होता. जकात गोळा करणारा हा श्रीमंत माणूस येशू घरी आल्यावर आपले अर्धे धन गरिबांना देण्याचे कबूल करतो आणि ज्याला फसवले असेल त्याला चौपट परत देईन असे म्हणतो. पाठ संपल्यावर काम एवढेच होते की वहीच्या नव्या पानावर, आपण कोणाचे काय ठेवून घेतले आहे ते लिहायचे. मी बराच वेळ कोऱ्या पानाकडे पाहत होतो. त्या आठवड्यात माझ्या शेतात कापसाची वेचणी चालू होती. वेचणीची मजुरी किलोवर असते, आणि सकाळचा कापूस दवाने ओला असतो व गाठोड्याच्या फडक्यालाही वजन असते म्हणून संध्याकाळी काट्यावर प्रत्येक गाठोड्यामागे एक किलो कमी धरण्याची पद्धत आमच्या शिवारात आहे. फडक्याचे आणि ओलीचे मिळून खरे वजन तेवढे भरत नाही, आणि दुपारनंतर वेचलेल्या कापसात तर ओल नसतेच, हे काटा धरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. मलाही ठाऊक होते. मी लिहू लागलो: आठ बाया, वेचणीचे बारा दिवस, रोज एक गाठोडे, तीन हंगाम. २८८ किलो झाले. सरासरी दहा रुपये किलोप्रमाणे २,८८० रुपये, आणि चौपट करून ११,५२०.

यावर पाळकसाहेबांशी मी बोललो तेव्हा त्यांनी चौपट द्या असे म्हटले नाही. जक्कयाला कोणी आकडा सांगितला नव्हता, तुमचा आकडा तुम्हीच ठरवा, असे ते म्हणाले. मी ठरवला. स्वयंपाकघरावरचे गळके टिन बदलण्यासाठी पत्नीने शेळ्या विकून बारा हजार रुपये साठवले होते. ते घेऊन मी सोमवारी संध्याकाळी मजूर बायांच्या घरी एकेक करून गेलो. पहिल्या घरी बाई म्हणाली, "हे कायचे पैसे होय, भाऊ?" मी सांगितले. तिने पैसे हातात धरले आणि थोड्या वेळाने म्हणाली, "आमाले ठाऊक होतं, भाऊ. काट्यापाशी आमी बी उभ्याच राहत होतो ना." तीन वर्षे आपली चूक लपलेली आहे असे मानून मी याच बायांसमोर मंडळीची आमंत्रणे वाटत होतो, विश्वासाची साक्ष देत होतो. त्या वाक्यानंतर पुढच्या सात घरांपर्यंत चालत जाणे मला फार जड गेले.

या गोष्टीचा परिणाम गोड झाला असे मी लिहिणार नाही. बायांनी इतरांच्या शेतातही पूर्ण वजन मागायला सुरुवात केली आणि माझ्यामुळे मजुरी महागली असे मानणारे चार-पाच शेतकरी आजही पारावर मला बसायला जागा करून देत नाहीत. त्यांत माझा चुलतभाऊ आहे, आणि तो मंडळीचा सभासद आहे. पावसाळा आला तर स्वयंपाकघर गळणार आहे. तरीही वर्गाने मला जे दिले त्यात हे पान सर्वांत वर आहे, कारण देवाची कृपा फुकट मिळते म्हणून ती स्वस्त आहे असे मी कळत-नकळत धरून चाललो होतो. डिट्रिख बोनहॉफर या जर्मन पाळकाने, ज्याला ९ एप्रिल १९४५ रोजी नाझींनी फाशी दिली, याच स्वस्त कृपेविरुद्ध इशारा दिला होता. त्याच्यावरचा पाठ मात्र पाऊण तासात उरकला गेला आणि तो कोण, कशासाठी मेला हे अनेकांना समजलेच नाही. त्याला पूर्ण दिवस द्यायला हवा होता.

आता माझी मुख्य तक्रार. जानेवारीत ब्राह्मण घरात जन्मलेले मराठी कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्यावर पाठ झाला. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत भेटलेल्या एका परदेशी गृहस्थाने १८९३ मध्ये त्यांना बायबलचा नवा करार दिला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. जात, आप्त, मान, सारे गेले. आमच्याच प्रदेशात सुरू झालेली ही कथा असल्यामुळे वर्ग अगदी तल्लीन होऊन ऐकत होता. परंतु त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा उल्लेख शेवटच्या दहा मिनिटांत आला. पतीचा निर्णय त्यांच्या संमतीने झाला नव्हता. मूल घेऊन नातेवाइकांच्या आश्रयाला राहणे, लोकांची बोलणी ऐकणे, ज्या निर्णयात आपण नव्हतोच त्याचे ओझे वाहणे, हे त्यांनी काही वर्षे सोसले आणि १९०० साली त्यांनी स्वतःच्या पायांनी चालत येऊन बाप्तिस्मा घेतला. माझ्या मते शिष्यत्वाचा खर्च काय असतो हे शिकायचे असेल तर टिळकांइतकेच, किंबहुना त्यांच्याहून अधिक, लक्ष्मीबाईंकडे पाहावे लागेल, कारण टिळकांना निदान निवड करता आली होती.

हे मी वर्गात बोलून दाखवले, आणि बोलताना मला माझ्या घराची आठवण झाली. टिनाचे पैसे मी पत्नीला न विचारता नेले होते. तिला हे दुसऱ्या दिवशी एका वेचणीवाल्या बाईकडून कळले. ती रागावली नाही, चुलीपुढे बसल्याबसल्या एवढेच म्हणाली, "मले इचारलं असतं तर मी बी संगं आली असती. त्या बाया माह्याच मैत्रिणी होत." परतफेड योग्य होती, आणि ती करण्याची माझी रीत अयोग्य होती, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. शेतकऱ्याच्या घरात पैसा, वेळ, अब्रू ही एकट्याची नसते. वर्गाची पुस्तिका मात्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत शिष्य हा एकटा माणूस आहे असे धरून लिहिलेली आहे: तू काय सोडशील, तू काय देशील. अठरा जणांत बाया फक्त तीन होत्या आणि त्या तिघीही अविवाहित किंवा विधवा होत्या, कारण घर, गुरे आणि लेकरे सोडून दर पंधरा दिवसांनी मुक्कामाला येणे विवाहित बाईला शक्यच नाही. त्यात वर्गाचा काळ नेमका वेचणीचा. जक्कयाचा पाठ वेचणीच्या दिवसांतच झाला म्हणून माझ्या मनाला इतका लागला हे मी मान्य करतो, तरी मार्च ते मे हा काळ ठेवला तर अधिक लोक येऊ शकतील.

ज्यांना दुःखात धीर, आजारात प्रार्थना किंवा गाण्यांची संगत हवी आहे त्यांनी आपल्या मंडळीतच ती शोधावी. या वर्गात त्यांची निराशा होईल. कर्जाच्या विवंचनेत असलेल्या माणसाने आधी पाळकसाहेबांशी एकांतात बोलावे, कारण हिशेबाचे पान खचलेल्या मनाला एकट्याने पेलवेल असे मला वाटत नाही, आणि हे बोलणे ते जितक्या मायेने करतात तितक्या मायेने मी दुसऱ्या कोणाला करताना पाहिलेले नाही. परंतु आपला विश्वास आपल्या काट्यापर्यंत, आपल्या सातबाऱ्यापर्यंत, भावकीतल्या वादापर्यंत पोहोचावा असे ज्याला मनापासून वाटते, त्याने सहाशे रुपये आणि बारा शनिवार-रविवार द्यावेत.

शेवटच्या बैठकीत पाळकसाहेबांच्या पत्नीने माझी तक्रार लिहून घेतली आणि पुढच्या वेळी दोन बैठका जोडप्यांसाठी, लेकरांना सांभाळण्याच्या सोयीसह, ठेवण्याचे ठरले. आम्ही दोघांनी त्यासाठी नाव दिले आहे. माझ्या वहीत बरीच पाने कोरी आहेत, म्हणून तीच दोघांना पुरेल असे मी म्हणालो होतो. पत्नीने वेगळी वही मागून घेतली.