लिब्रेऑफिस की ओन्लीऑफिस?

जिंतूरला झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवणाऱ्या मावसभावाने विचारलं, "दादा, यातलं कोणतं टाकू?"

पैशाचा प्रश्नच नाही. दोन्ही वर्ड-एक्सेलसारखी कामं करणारी सॉफ्टवेअर, मुक्तस्रोत (कोड सगळ्यांना खुला), फुकट आणि नेट नसलं तरी चालणारी.

खरा फरक गिऱ्हाइकाने आणलेली वर्डची फाइल उघडताना कळतो. ओन्लीऑफिस मुळातच डॉक्स (docx) या वर्डच्याच फाइल-प्रकारावर चालतं, त्यामुळे तक्ते आणि समास सहसा जागच्या जागी राहतात. बायोडाटा, अर्ज, प्रश्नपत्रिका यांसाठी मला तेच भरवशाचं वाटतं. लिब्रेऑफिसचा मूळ फाइल-प्रकार वेगळा, ओडीटी (odt). त्यात वर्डचं साधं पत्र नीट उघडतं, पण गुंतागुंतीचा तक्ता कधी कधी सरकतो, म्हणून प्रिंट काढण्याआधी पान एकदा बघायचंच.

बाकी कामांत मात्र लिब्रेऑफिसचा आवाका मोठा. २०१० साली ओपनऑफिस या जुन्या मोफत सॉफ्टवेअरमधून वेगळं झालेलं हे सॉफ्टवेअर मराठीतून वापरता येतं (मला याचं फार अप्रूप आहे!). पीडीएफमधली चूक त्यातल्या ड्रॉ या भागात दुरुस्त होते, माहितीच्या नोंदी ठेवायला बेस हा डेटाबेससुद्धा आहे. आमच्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही, त्यामुळे ऑटोरिकव्हरी (चालू काम आपोआप राखून ठेवण्याची सोय) दोन मिनिटांवर ठेवायची.

शिकायला ओन्लीऑफिस सोपं, वर्डसारखंच दिसतं.

भावाला ओन्लीऑफिस टाकून दिलं, कारण त्याच्याकडे दिवसभर दुसऱ्यांच्या फाइली येतात. ज्याला स्वतःचं लिहायचंय, जुना संगणक आहे किंवा मराठी मेनू हवाय, त्याने लिब्रेऑफिस घ्यावं.